फेस गालावर वाळतो, कारण त्याला पाणी कमी पडतं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दाढीसाठी नवा ब्रश आणि स्टीलची वाटी आणली, क्रीम नेहमीचंच ट्यूबमधलं. वाटीत फेस भरपूर होतो, पण गालावर लावला की मिनिटा-दोन मिनिटांत वाळायला लागतो, पातं अडकत चालतं आणि गळ्यावर पुरळ उठतं. क्रीम बदललं तरी तेच. घरात बोअरचं पाणी येतं. आता महागातला ब्रश घ्यावा का, दाढीचा गोल साबण आणावा का, की अंगाच्या साबणानेही भागेल, असं तुम्ही विचारलंय.

ब्रश बदलू नका. या सगळ्या त्रासाचं मूळ एकच आहे: तुमच्या फेसात पाणी कमी आहे, आणि जे आहे ते जड, म्हणजे क्षारांचं आहे. मी सलूनच्या दुकानात आयुष्य काढलंय. घरी दाढी करणारी जी गिऱ्हाइकं 'फेस जमत नाही' म्हणून विचारतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचं गाडं इथेच अडलेलं असतं.

वाटीत ब्रश फिरवायला लागलं की फेस तीन अवस्थांतून जातो. आधी साबण चिकट आणि जाड होतो, ब्रश वाटीला ओढला जातो. मग हवा मिसळते आणि फेस एकदम फुगून वर येतो. पांढराशुभ्र, ब्रश उचलला की ताठ शेंडे उभे राहतात. दिसायला तो फार छान दिसतो आणि जवळजवळ सगळे इथेच थांबतात. हा फेस हवेने फुगलेला असतो. त्याच्यावर चकाकी नसते, बोटांत धरून चोळला तर बोटं घसरण्याऐवजी जरा अडखळतात. कातडी आणि केस त्यातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतात आणि मागे साबणाचा कोरडा थर राहतो. तुमचं पातं अडतं ते त्याच थरावर.

खरा फेस याच्या पुढच्या पायरीवर आहे. त्या फुगलेल्या फेसात थोडं थोडं पाणी घालून फिरवत राहिलं की तो आकाराने किंचित बसतो, जड होतो आणि त्याच्यावर तुळतुळीत चमक येते. बुडबुडे डोळ्यांना दिसत नाहीत. ब्रश उचलला तर शेंडा उभा राहतो, पण त्याचं टोक वाकतं. पातं आणि कातडी यांच्यामध्ये काम करतो तो साबण मिसळलेल्या पाण्याचा थर; हवेचं काम तो थर गालावर धरून ठेवण्यापुरतंच. म्हणून वाटीतल्या फेसाच्या उंचीवरून काही ठरवू नका.

आता कृती सांगतो. तुमच्याकडे क्रीम आहे म्हणून क्रीमपासून.

ब्रश कोमट पाण्यात भिजवा, मग उचलून दोन-तीनदा हलका झटका द्या. पाणी गळायचं थांबलं पाहिजे, पण केस ओले राहिले पाहिजेत. वाटीतलं पाणी पूर्ण ओतून टाका. क्रीम साधारण दीड-दोन सेंटीमीटर लांबीचं घ्या, म्हणजे एक-सव्वा ग्रॅम. या हिशेबाने ७० ग्रॅमची ट्यूब पन्नास-साठ दाढ्या जायला हवी. तुमची त्याच्या निम्म्यात संपत असेल तर पाण्याची कसर तुम्ही क्रीम घालून भरून काढताय. क्रीम वाटीच्या तळाला पसरून लावा आणि ब्रशच्या टोकांनी, दाब न देता, सावकाश गोल फिरवायला लागा. सुरुवातीलाच जोरात घुसळलं तर मोठे बुडबुडे आत शिरतात आणि नंतर ते मोडायला वेळ जातो. क्रीम सगळीकडे सारखं पसरलं, जाड झालं, की पाणी घालायला सुरुवात.

कणीक मळताना पाणी जसं बेताबेतानं, हाताला काय लागतंय ते बघत घालतात, तसंच इथे घालायचं. एका वेळी अर्धा चमचा, म्हणजे दोन-अडीच मिलिलिटर. मग पंधरा-वीस सेकंद फिरवायचं. ते पाणी पूर्ण मुरलं की पुढचं. चमचा नको असेल तर ब्रशची टोकं नुसती पाण्याला टेकवून घ्या. ब्रशमधली ओल धरून एका दाढीला एकूण दहा ते पंधरा मिलिलिटर पाणी लागतं. क्रीमच्या दहापट पाणी ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून एकदा मुद्दाम मोजून बघा. पहिल्या काही दिवशी मोजलं की पुढे हाताला कळायला लागतं. फेस पाणी मागत असला की ब्रश फिरवताना चिकट आवाज येतो. पाणी पुरेसं झालं की तो आवाज मऊ पडतो, ब्रश सहज फिरतो.

किती झालं की थांबायचं? अंगठा आणि तर्जनीमध्ये थोडा फेस घेऊन चोळा. बोटं एकमेकांवरून निसटली पाहिजेत, दाबूनही पकड बसता कामा नये. ही परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते. दिसण्यावर जाऊ नका, पांढरेपणा फसवतो. दुसरी परीक्षा पातं फिरवल्यावरची. पातं जिथून गेलं तिथे ओलं बोट फिरवा. कातडी अजून बुळबुळीत लागली तर फेस बरोबर होता. कोरडी, कचकचीत लागली तर उद्या अर्धा-एक चमचा पाणी वाढवा.

पाणी जास्त झालं तर फेस पातळ होतो, मोठे बुडबुडे दिसायला लागतात, गालावरून ओघळतो. घातलेलं पाणी काढता येत नाही. अशा वेळी ब्रशच्या टोकावर थोडंसं क्रीम घेऊन त्याच वाटीत पुन्हा फिरवा, तो सावरतो. शिकण्यासाठी एक गोष्ट जरूर करा: सुट्टीच्या दिवशी, दाढी करायची नसताना, एक फेस मुद्दाम बिघडेपर्यंत पाणी घाला. प्रत्येक अर्ध्या चमच्यानंतर बोटांत घेऊन बघा. कोरडा, बरोबर आणि बिघडलेला, तिन्ही हाताला एकदा कळले की नंतर कुणाला विचारावं लागत नाही.

आता तुमचं बोअरचं पाणी. याच्यावर जास्त सांगायचंय, कारण आपल्याकडे, विशेषतः मराठवाडा, सोलापूर, नगर या पट्ट्यात, अर्धी अडचण याची आहे आणि दोष मात्र क्रीमला दिला जातो. काळ्या पाषाणातून मुरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण म्हणजे तेला-चरबीतल्या आम्लांचं सोडियम किंवा पोटॅशियमचं मीठ. ते पाण्यात विरघळतं. त्याला कॅल्शियम भेटलं की कॅल्शियमचा साबण तयार होतो आणि तो पाण्यात अजिबात विरघळत नाही. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाशी जो करडा चिकट थर बसतो तो हाच. साबण थोडा वाया जातो एवढ्यावर हे थांबत नाही. त्या न विरघळणाऱ्या कणांनी बुडबुड्यांच्या पडद्याला भोकं पडतात, म्हणजे तयार झालेला फेस ते स्वतःच मोडत राहतात. म्हणून क्रीम दुप्पट घेतलं तरी जड पाण्यात फेस हवा तसा टिकत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. म्हणजे प्यायला योग्य ठरलेलं पाणीसुद्धा फेसाला त्रास देण्याइतकं जड असू शकतं. माझ्या मावसभावाचं चिपळूणला दुकान आहे. तिथे जांभ्या दगडाचा मुलूख आणि धो धो पाऊस, पाणी हलकं. आमच्याकडे वापरतो तीच ट्यूब तिथे निम्म्या कष्टात फेस देते. तिथे गेलो की हात पहिल्या दिवशी क्रीम जास्तच घेतो.

घरी पारख करायची तर दोन बाटल्या घ्या. एकीत नळाचं, दुसरीत आरओचं किंवा पावसाचं पाणी, सारख्याच मापाने. दोन्हींत सारखंच, चिमूटभर साबण किसून टाका आणि झाकण लावून हलवा. एकीत पाणी गढूळ होऊन फेस बसला आणि दुसरीत फेस उभा राहिला तर कारण सापडलं.

उपाय स्वस्त आहे. दाढीला लागणारं पाणी ते किती? ब्रश भिजवायला आणि फेसाला मिळून एक पेला. तेवढं आरओचं घ्या. घरात आरओ नसेल तर नळाचं पाणी पाच-दहा मिनिटं खळखळ उकळा, थंड होऊन क्षार तळाशी बसू द्या आणि वरचं नितळ पाणी ओतून घ्या. जडपणाचा जो भाग बायकार्बोनेटचा असतो तो याने बराच जातो, सल्फेट-क्लोराइडचा राहतो. पुण्यातल्या काही सोसायट्यांत पाणी हलकं करणारं सॉफ्टनरचं यंत्र बसवलेलं असतं, त्या पाण्यातही फेस उत्तम येतो. शेवटचा हात झाल्यावर चेहरा धुवायला नळाचं पाणी चालेल, पण मधल्या वेळी, पुन्हा फेस लावण्याआधी, पेल्यातलंच पाणी वापरा. पाण्यात लिंबू पिळा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आम्लाने क्षार आवरतात हे खरं, पण साबणही फुटतो. त्यातली तेलाची आम्लं सुटी होतात आणि फेस आणखी बसतो.

अंगाच्या साबणाने दाढी करू नका. तो सोडियमचा साबण असतो आणि त्यात बऱ्याचदा खोबरेल किंवा पाम-गराच्या तेलाचा भाग असतो. त्याला फेस लगेच आणि भरपूर येतो, पण बुडबुडे मोठे, पातळ पडद्याचे, आणि ते तितक्याच लवकर फुटतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त ठेवतात, आणि त्याला सोडियमबरोबर पोटॅशियमचीही जोड असते. स्टिअरिकमुळे फेस दाट आणि टिकाऊ होतो, पोटॅशियममुळे तो पाण्यात लवकर सुटतो, आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. ट्यूबवर घटकांची यादी बारीक अक्षरात असते, ती वाचा. स्टिअरिक आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन ही नावं पहिल्या चार-पाचांत दिसली तर क्रीम कामाचं आहे. किंमत आणि सुगंध यांचा फेसाशी फारसा संबंध नाही. किराणा दुकानातल्या साध्या ट्यूबमधूनही मी उत्तम फेस काढून दाखवीन. फक्त 'ब्रशलेस' लिहिलेली ट्यूब चुकून घेऊ नका, तिला फेस येण्यासाठी बनवलेलंच नसतं.

गोल साबण आणायचा असेल तर आणा, मला स्वतःला तो आवडतो. वडिलांच्या धोकटीत पितळेची वाटी आणि गोल साबणच असायचा, आणि त्यांचा फेस उन्हाळ्यातही गिऱ्हाइकाच्या गालावर वाळत नसे. साबणाची रीत थोडी वेगळी आहे. वर चमचाभर कोमट पाणी घालून दोन मिनिटं ठेवा, पृष्ठभाग मऊ पडतो. ते पाणी ओतून, झटकलेला ब्रश साबणावर तीस-चाळीस सेकंद फिरवा. ब्रशच्या टोकांवर जाड मलम बसलं पाहिजे. नुसते बुडबुडे आले तर ब्रशमध्ये पाणी जास्त होतं, आणखी झटकून पुन्हा फिरवा. साबण ब्रशवर कमी आला तर पुढे काहीही केलं तरी फेस पातळच राहतो. साबण भरपूर घेणं ही सुरुवात, मग पाण्याचं काम वर सांगितलं तसंच.

ब्रशबद्दल. तुम्ही डुकराच्या केसांचा घेतलाय असं वर्णनावरून वाटतं: केस राठ, पांढुरके, आणि नव्याला वास. तो ब्रश चांगला असतो, पण त्याला पाणी प्यायला वेळ द्यावा लागतो. तीन ते पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. अंघोळीला जाताना भिजत घातला की झालं. कोरडा ब्रश वापरला तर तुम्ही फेसासाठी घातलेलं पाणी तोच पिऊन टाकतो, हेही तुमच्याकडे होत असणार. सुरुवातीचे काही आठवडे तो फेस स्वतःकडेच ठेवेल. हळूहळू केसांची टोकं फाटून मऊ होतात, मग तो फेस सोडायला लागतो. बिज्जूच्या (बॅजरच्या) केसांचा ब्रश पाणी जास्त धरतो आणि महाग असतो. हल्ली मिळणारे चांगले कृत्रिम तंतूंचे ब्रश भिजवावे लागत नाहीत, लवकर वाळतात, आणि नवशिक्याला मी तेच सुचवतो. पण ते पाणी कमी धरतात, म्हणून वाटीत पाणी थोडं जास्त वेळा घालावं लागतं. उकळतं पाणी कुठल्याच ब्रशला लावू नका. मुळाशी केस ज्या गोंदात बसवलेले असतात तो सुटतो आणि ब्रश झडायला लागतो.

जुना, कुठून आला ते माहीत नसलेला प्राण्याच्या केसांचा ब्रश बाजारातून उचलून वापरू नये असं मी सगळ्यांना सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे इंग्लंड-अमेरिकेत लोकांना अँथ्रॅक्स झाला होता, काही दगावले. आज कारखान्यातून येणाऱ्या ब्रशचे केस स्वच्छ करूनच येतात, त्यामुळे नव्याची भीती नको. ब्रश एकाचा एकानेच वापरायचा, घरातसुद्धा. सलूनमध्ये जात असाल तर आपला ब्रश घेऊन गेलात तरी कुठल्याही जाणत्या कारागिराला त्यात वावगं वाटणार नाही.

वाटी स्टीलची आहे ते ठीक आहे. फक्त तळ गुळगुळीत आणि पसरट असेल तर साबण नुसता घसरत राहतो. दहा-बारा सेंटीमीटर रुंद, खोलगट आणि आतून थोड्या रेघा असलेली चिनी मातीची वाटी मिळाली तर काम निम्म्या वेळात होतं आणि फेस कोमटही राहतो.

फेस चांगला झाला तरी दाढी ओली नसेल तर उपयोग नाही. केसांना पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून दाढी अंघोळीनंतर करा, आणि चेहरा टॉवेलने पुसू नका. चेहऱ्यावर तेल किंवा कालची क्रीम असेल तर ती आधी धुऊन काढा, तेलावर फेस मोडतो. फेस लावताना पहिल्यांदा ब्रश गोल गोल फिरवा, म्हणजे खुंट उभे राहतात आणि फेस मुळाशी जातो. हनुवटी आणि ओठावरचा भाग जास्त वेळ घोळवा, तिथले केस दाट असतात. शेवटी रंग देतात तसे लांब हात मारून तो सारखा करा. थर जाड नको, कातडीचा रंग झाकला गेला की पुरे. ढीग लावला तर पातं भरतं आणि दर हाताला धुवावं लागतं. आणि डोक्यावरचा पंखा बंद करा. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी पंखा चालू असला तर उत्तम फेसही अर्ध्या चेहऱ्याची दाढी होईपर्यंत वाळतो, म्हणून मी एक गाल संपवून मगच दुसऱ्या गालावर पुन्हा ब्रश फिरवतो.

गळ्यावरच्या पुरळाबद्दल: फेस सुधारेपर्यंत उलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध पातं, अजिबात मारू नका. गळ्यावर केस कुठल्या दिशेने वाढतात ते दाढी दोन दिवस वाढवून बोटांनी चाचपून बघा. बऱ्याच जणांचे ते खालून वर किंवा आडवे असतात, आणि आपण सवयीने वरून खाली मारतो तो हात तिथे उलटा पडतो. दुसऱ्यांदा पातं लावायचं तर पुन्हा फेस लावूनच. वाटीचा फायदा हाच, की तीन वेळा पुरेल एवढा फेस तयार असतो. मध्ये थोडा कोरडा वाटला तर पाण्याचे चार थेंब घालून ब्रश फिरवा. शेवटी थंड पाणी आणि ओल्या गळ्यावर तुरटीचा खडा. जिथे झोंबेल तिथे पातं जास्त लागलंय, उद्या तिथे हात हलका ठेवा. पुरळात पू दिसला किंवा दोन-तीन आठवड्यांत ते बसलं नाही तर पातं थांबवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

दाढी झाल्यावर ब्रश स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा, मुळाशी अडकलेला साबण बोटांनी दाबून काढा, झटका, टॉवेलवर दोनदा फिरवा आणि हवा लागेल अशा जागी ठेवा. उभा ठेवा की उलटा टांगा, फरक पडत नाही. बंद कपाटात ओला ठेवू नका. तुमच्या पाण्यात ब्रशच्या मुळाशी तोच कॅल्शियमचा साबण साचत जाणार आणि केस राठ होणार. महिन्या-दोन महिन्यांनी पेलाभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर पांढरा व्हिनेगर घालून त्यात ब्रशचे केस पाच मिनिटं बुडवा, मग भरपूर पाण्याने धुवा.